फिनेल ओतून हा वास जात नसतो

टगवर किंवा बार्जवर राबलेल्या माणसाला हा वास सांगायला नको. शारजाच्या बाहेर नांगर टाकून आम्ही १४ जण एका टगवर सात आठवडे काढले. संडास एक. तक्रार केली की सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं: "तुम्हा लोकांना संडास वापरता येत नाही, फिनेल टाका." आपलीच काही पोरं माना डोलवायची, त्याचा राग जास्त यायचा.

अरे, वास आपल्या सवयींचा नाही! टाकीत हवा खेळली नाही की मैला सडतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस तयार होतो, हायड्रोजन सल्फाइड. म्हणून टाकीचा व्हेंट पाईप रुंद, आखूड आणि सरळ हवा. आमचा बोटाएवढा होता, मध्येच वाकवलेला, आत सुकलेल्या मैल्याचा बूच. होज स्वस्तातला असेल तर वास त्याच्या रबरातूनच बाहेर पाझरतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं होजवर गुंडाळा, गार झालं की हुंगा. फडक्याला वास लागला तर होज बदलायचा, घासून उपयोग नाही. मैल्यावर प्रक्रिया करणारा प्लांट असेल तर फिनेल-ब्लीचने त्यातले कामाचे जंतूच मरतात आणि वास आणखी वाढतो. ब्लीचमध्ये ॲसिड तर चुकूनही ओतू नका, क्लोरीन सुटतो. पाईप आणि होज बदलायला ड्राय डॉक लागत नाही, मालकाच्या खिशातून थोडे दिरहम लागतात, बस्स.

आणि टाकी तुंबली की हुकूम येतो, "उतर खाली." उतरू नका. हा गॅस साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आत जातो, त्याला काढायला दुसरा जातो, दोघेही राहतात. सोलास करार लागू असलेल्या जहाजांवर १ जुलै २०१६ पासून गॅस मोजायचा मीटर सक्तीचा आहे. आधी मीटर दाखवा म्हणायचं.

२००६ च्या सागरी कामगार करारात, तो लागू झाल्यानंतर बांधलेल्या जहाजांवर, स्वतंत्र सोय नसलेल्या दर सहा माणसांमागे निदान एक संडास सांगितला आहे. म्हणजे १४ जणांना तीन. जहाज जुनं असलं तरी राहण्याची जागा स्वच्छ आणि दुरुस्त ठेवावीच लागते. भारताने २०१५ मध्ये हा करार मान्य केला. ढाऊ मात्र त्यातून चक्क वगळल्यात, जणू ढाऊवरच्या खलाशाला पोटच नसतं!

तक्रार करायचा हक्क त्याच करारात आहे, आणि तक्रार केली म्हणून त्रास द्यायला बंदीही. फक्त "वास येतो" एवढंच लिहू नका. माणसं किती, संडास किती, व्हेंट कुठे तुंबलाय, कोणत्या तारखेला कुणाला सांगितलं, ते लिहा. फोटो काढा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत घरी पाठवून ठेवा.