टोपी डोक्यावर, भरवसा कशावर?

मेट्रो ९ च्या दहिसर ते काशीगाव या टप्प्यावर १४ मे २०२५ रोजी चाचणीची गाडी धावली आणि मीरा-भाईंदरकरांनी समाधानाचा निःश्वास सोडला. त्या उन्नत मार्गाखाली आणि काशीमिऱ्याच्या आसपास उठणाऱ्या इमारतींवर राबणाऱ्या कामगाराच्या डोक्यावरील पिवळे हेल्मेट मात्र कुणाच्या चर्चेचा विषय होत नाही. हेल्मेट आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. ते कोणते आहे, हे क्वचितच.

वास्तविक कायदा याहून पुढे गेलेला आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांनी राष्ट्रीय मानकांनुसार तपासलेलेच हेल्मेट देण्याचे बंधन घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. औद्योगिक हेल्मेटसाठी भारतीय मानक आहे आयएस २९२५. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचे मानक आयएस ४१५१ हे वेगळे. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

हेल्मेटचे खरे बळ बाहेरच्या कवचाइतकेच आतल्या पट्ट्यांच्या जाळीत असते. वरून आदळलेल्या वस्तूचा जोर ही जाळी ताणून घेते, म्हणून कवच आणि टाळू यांच्यात मोकळी जागा राहणे आवश्यक असते. युरोपीय मानकात ती किमान २५ मिलिमीटर आहे. त्याच पोकळीत रुमाल, तंबाखूची पुडी किंवा मोबाइल कोंबला की ही सारी योजना फुकट जाते. कवच प्लॅस्टिकचे असल्याने उन्हाने ते ठिसूळ होते. त्यामुळे उत्पादनाचा महिना व वर्ष आतल्या बाजूस कोरलेले असते, पण खरेदी करणारा किंमत वाचतो आणि तारीख वाचायची राहून जाते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद करावे लागते. वायुवीजनासाठी त्याला स्वतःहून भोके पाडणे तर अक्षम्यच. विजेच्या कामासाठी विद्युतरोधक, बिनछिद्री कवच हवे.

हनुवटीच्या पट्ट्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जमिनीवर काम करणाऱ्याचा पट्टा कुठे अडकल्यास सुटला पाहिजे, नाहीतर गळफास बसेल; म्हणून युरोपीय मानकात तो १५० ते २५० न्यूटन जोराला सुटतो. उंचावरून पडणाऱ्याचा पट्टा मात्र सुटता कामा नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटला यासाठी किमान ५०० न्यूटनची अट आहे. म्हणजे खांबावरच्या फिटरला आणि खाली सळया वाकवणाऱ्याला एकच टोपी देणे हेच मुळात चुकीचे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या निरीक्षकांसाठी पारंपरिक टोपी सोडून बाजूचा मार झेलणारे, पट्टाबंद हेल्मेट स्वीकारले, ते याच विचाराने.

तथापि हेल्मेटवर फार भिस्त ठेवणेही घातक आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकुम येथे इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार दगावले. तिथे कोणते हेल्मेट कामास आले असते? यंत्राची तपासणी, परांचीची बांधणी, पडणाऱ्या वस्तूंसाठी जाळी हे सारे आधी. हेल्मेटचा क्रमांक शेवटचा. कंत्राटदाराच्या दृष्टीने मात्र तेच सर्वांत स्वस्त, आणि छायाचित्रात दिसणारेही.

मोठ्या प्रकल्पांवर निदान सुरक्षा अधिकारी असतो. काशीगावातल्या गल्लीत चाळीचा वरचा मजला चढवणारा, नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला बिगारी या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. दहापेक्षा कमी कामगारांचे काम सर्वसाधारणपणे कायद्याच्या कक्षेतच येत नाही, आणि त्याच्या डोक्याला बहुधा गमछाच असतो.