शुल्काच्या तारखेआधी

महाविद्यालयांचे वर्ष सुरू झाले की उद्बोधन वर्ग, शिष्यवृत्तीची माहितीसभा असे कार्यक्रम सूचनाफलकावर झळकू लागतात. बँकांचे माहितीकक्षही बहुधा त्याच सुमारास मांडले जातात. आमच्या मते तोवर उशीर झालेला असतो. ज्याला कर्जाची खरी निकड होती, त्याची शुल्क भरण्याची मुदत टळलेली असते. उद्बोधन वर्गात तो नसतोच.

शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आखली. चार लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तर निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, अन्य शिष्यवृत्ती वा व्याजसवलत घेत नसलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलतही मिळू शकते. तरीही घरातील पहिल्या पदवीधराचे वडील शाखेत येतात ते सातबाऱ्याचा उतारा घेऊन, आणि आवाज खाली ठेवून!

तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी बारावीच्या परीक्षा संपण्याआधीच कनिष्ठ महाविद्यालयांत जावे. नुसती पत्रके वाटून भागणार नाही. उत्पन्नाचा दाखला हाती पडण्यास दिवस लागतात, सहकर्जदार म्हणून पालकांची कागदपत्रे लागतात, हे पालकांना समोर बसवून सांगावे लागेल. त्यासाठी एखाद्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या मंडपावर बँकेचा फलक लागला नाही तरी चालेल.