वॉरंट कुणाच्या टेबलावर होते?

ट्रेंट ब्रिजचे क्रिकेट मैदान नॉटिंगहॅम शहरात नाही. ते ट्रेंट नदीच्या दक्षिण काठावर, वेस्ट ब्रिजफर्ड या उपनगरात आहे आणि त्या भागाचा कारभार रशक्लिफ नावाची वेगळी परिषद पाहते. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबचे मैदानही जवळच, म्हणजे तेही शहराच्या हद्दीबाहेर. इंग्लंडच्या मध्य भागातल्या या शहराची सुरक्षितता समजून घ्यायची तर सुरुवात या हद्दीपासून करावी लागते. गेली वीस वर्षे नॉटिंगहॅमच्या नावामागे जो ‘गुन्ह्यांचे शहर’ हा शिक्का बसला आहे, त्यात या हद्दीचा वाटा मोठा आहे.

गुन्ह्यांचा दर काढायची रीत साधी आहे: शहरात नोंदलेले गुन्हे भागिले शहरात राहणारी माणसे. २०२१ च्या जनगणनेत नॉटिंगहॅमची लोकसंख्या ३ लाख २४ हजारांच्या आसपास होती. पण सलग वस्तीचा पूर्ण विस्तार धरला तर हा आकडा ७ लाखांच्या वर जातो. उरलेली माणसे रशक्लिफ, गेडलिंग, ब्रॉक्सटो अशा शेजारच्या परिषदांच्या खात्यात मोजली जातात. त्यात शहरापेक्षा सुखवस्तू, शांत उपनगरे बरीच आहेत. ही मंडळी कामाला, खरेदीला आणि शनिवारच्या रात्री लेस मार्केटच्या पबमध्ये शहरातच येतात. तिथे खिसा कापला गेला, मारामारी झाली, तर गुन्हा शहराचा. माणूस मात्र उपनगराचा. भागाकारातला वरचा आकडा फुगतो, खालचा तोकडा राहतो. २००६ मध्ये ‘रिफॉर्म’ या अभ्यासगटाने शहरांची गुन्हेगारीनुसार क्रमवारी काढली, तेव्हा नॉटिंगहॅमचा दर सर्वांत जास्त निघाला. तोच क्रमांक पुढे वर्षानुवर्षे या शहराला चिकटला.

नॉटिंगहॅमची भीती मात्र खोटी नव्हती. सप्टेंबर २००३ मध्ये एका सराफ महिलेची तिच्याच दुकानात, मुलीदेखत, गोळी घालून हत्या झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये सेंट अ‍ॅन्स भागात १४ वर्षांची एक मुलगी गूज फेअर या जत्रेतून मैत्रिणींबरोबर चालत घरी निघाली होती. चालत्या मोटारीतून झाडलेल्या गोळीने ती गेली. तिचे कुणाशी वैर नव्हते, वैर दोन वस्त्यांमधल्या टोळ्यांचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेस्टवूड या वस्तीतल्या टोळीने सूड म्हणून एका जोडप्याला लिंकनशायरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या त्यांच्या घरात गाठून मारले. इथेही हद्द बघा. सराफाचे दुकान होते आर्नोल्डमध्ये, म्हणजे गेडलिंगच्या हद्दीत. जोडप्याचे घर तर दुसऱ्याच काउंटीत. बदनामीच्या वेळी ही सगळी ठिकाणे ‘नॉटिंगहॅम’ झाली आणि डोकी मोजायच्या वेळी पुन्हा वेगळी झाली. ‘शॉटिंगहॅम’ हे टोपणनाव वृत्तपत्रांनी रूढ केले ते याच काळात.

मार्च २००५ मध्ये तिथले पोलिसप्रमुख स्टीव्ह ग्रीन यांनी जाहीरपणे सांगून टाकले की इतक्या खुनांचा तपास एकाच वेळी करणे आमच्या दलाला झेपत नाही. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आम्हाला तो प्रांजळपणा मोलाचा वाटतो. पोलिसप्रमुखाने कबूल केल्याशिवाय शेजारच्या दलांची मदत येत नाही आणि सरकार हलत नाही. ‘ऑपरेशन स्टेल्थ’ या मोहिमेतून बंदूकधारी टोळ्यांवर कारवाई सुरूच होती. २००६ मध्ये बेस्टवूडच्या म्होरक्याला जन्मठेप झाली, किमान ३५ वर्षांची. त्याच वर्षी एक तरुण पोलिसही तुरुंगात गेला. महागड्या कपड्यांवरच्या सवलतीच्या बदल्यात तो तपासाची माहिती टोळीला पुरवत होता. टोळ्या कशाच्या जोरावर वाढतात हे या एका खटल्याने दाखवून दिले. त्यानंतर बंदुकीचा तो काळ ओसरला. टोपणनाव मात्र उरले.

आता नोंदींचे बघू. २०१४ च्या जानेवारीत ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे नोंदींचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला. त्याच वर्षी पोलिस निरीक्षणालयाने तपासणी करून सांगितले की पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के वहीतच चढत नाहीत. लैंगिक गुन्ह्यांत तर चारातला एक बाहेर राहतो. तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या माणसाला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ किंवा ‘तुम्ही घरातच मिटवा’ हे ऐकायला लागते, हा अनुभव फक्त आपल्याकडचाच नाही. इंग्लंडनेही तो घेतला, आणि मग नोंद नीट करा असा तगादा पोलिसांच्या मागे लावला. नोंद सुधारली की आकडा वाढतो. वाढलेला आकडा पाहून लोक म्हणतात, गुन्हे वाढले.

नॉटिंगहॅमशायरच्या पोलिसांनी यात स्वतःहून एक पाऊल टाकले, त्याची दखल घ्यायलाच हवी. २०१६ मध्ये स्यू फिश यांच्या नेतृत्वाखाली या दलाने, ब्रिटनमध्ये सर्वांत आधी, स्त्रीद्वेषातून होणारा त्रास ‘द्वेषजन्य घटना’ म्हणून नोंदवायला सुरुवात केली. रस्त्यावर घाणेरडे शेरे, बसमध्ये नको ते स्पर्श, मोबाइलवर चोरून काढलेले फोटो, पाठलाग. मुलींनी निमूट गिळलेल्या या गोष्टींना वहीत एक रकाना मिळाला. पुढे दोन्ही स्थानिक विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी पाहणी केली. असा अनुभव आलेल्या बायका पुष्कळ निघाल्या, पण पोलिसांकडे गेलेल्या अगदी मोजक्या. तरीही आमच्या मते हा रकाना शहराच्या सुरक्षिततेतली खरी भर आहे. क्रमवारीत त्याचे गुण मिळत नाहीत. जे शहर ऐकून घेते ते क्रमवारीत खाली जाते.

पोलिसांच्या वहीला पर्याय म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या दशकापासून घरोघरी जाऊन पाहणी होते: गेल्या वर्षभरात तुमच्याबाबतीत काय घडले? त्या पाहणीनुसार १९९५ हे शिखर होते आणि तेव्हापासून चोरी, घरफोडी, मारहाण असे गुन्हे सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले. देशभराची ही घट खरी आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण या पाहणीलाही दोन मोठी भोके आहेत. एक, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत ती जातच नाही. ज्या शहरातल्या दोन विद्यापीठांत मिळून साठ हजारांहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे हे लहान भोक नव्हे. दोन, ही घट फसवणूक आणि संगणकीय गुन्हे सोडून मोजलेली आहे. आणि आज त्या देशात सर्वाधिक घडणारा गुन्हा फसवणूक हाच आहे.

या सगळ्या मोजमापांतून पूर्णपणे निसटलेली घटना १३ जून २०२३ च्या पहाटे घडली. परीक्षा संपल्या होत्या. १९ वर्षांचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, रात्रीच्या कार्यक्रमानंतर इल्केस्टन रोडने चालत घरी येत होते. चारच्या सुमारास एका माणसाने सुऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. मुलगी वैद्यकीय शाखेची, भारतीय वंशाच्या डॉक्टर वडिलांची लेक. मित्रावर वार होत असताना ती पळाली नाही, त्याला वाचवायला मध्ये पडली. दोघेही गेले. तासाभरात त्याच माणसाने शाळेत काम करणाऱ्या ६५ वर्षांच्या गृहस्थांना मारले आणि त्यांचीच व्हॅन घेऊन शहराच्या मध्यभागी तिघांना धडक दिली. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने मानसिक आजाराच्या आधारे सदोष मनुष्यवधाची कबुली मान्य केली आणि हल्लेखोराला बेमुदत कडेकोट रुग्णालयात पाठवले. खुनाचा खटलाच उभा राहिला नाही, हे तिन्ही कुटुंबांना आजही मान्य नाही.

आम्हाला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो सप्टेंबर २०२२ हा महिना. हा माणूस २०२० पासून तीव्र मानसिक आजाराचा रुग्ण होता. चार वेळा त्याला सक्तीने रुग्णालयात दाखल करावे लागले होते. एकदा रुग्णालयात नेताना त्याने पोलिस अधिकाऱ्यावर हात टाकला. त्या गुन्ह्याच्या सुनावणीला तो सप्टेंबर २०२२ मध्ये आला नाही, म्हणून न्यायालयाने पकड वॉरंट काढले. आणि त्याच महिन्यात मानसिक आरोग्यसेवेने, तो संपर्कात येत नाही म्हणून, त्याचे नाव आपल्या यादीतून काढून साध्या फॅमिली डॉक्टरकडे सोपवले. जो रुग्ण औषध घेत नाही, दार उघडत नाही, त्याच्या मागे जास्त लागायचे की त्याला सोडून द्यायचे? इथे सोडून दिले गेले. वॉरंट नऊ महिने तसेच पडून राहिले. हल्ल्याच्या महिनाभर आधी शेजारच्या लेस्टरशायरमधल्या एका गोदामात त्याने दोन सहकाऱ्यांना मारहाण केल्याची तक्रार झाली. तिथले पोलिस गेले. पण हद्द वेगळी, दल वेगळे. नॉटिंगहॅमचे वॉरंट निघालेले आहे हे कुणी पाहिले नाही आणि तो मोकळाच राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये आरोग्यसेवेच्या नियामक संस्थेने उपचारांतल्या चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी एकामागून एक मांडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतंत्र अहवाल आला आणि सरकारने निवृत्त न्यायाधीश डेबोरा टेलर यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी जाहीर केली. पोलिस, रुग्णालय, न्यायालय, डॉक्टर, प्रत्येकाच्या टेबलावर या माणसाची एकेक फाइल होती. त्या फाइली एकत्र कुणी वाचल्या नाहीत. गुन्हेगारीच्या कोणत्याही तक्त्यात हे दिसले नसते, कारण तक्ता घडून गेलेल्या गोष्टी मोजतो आणि सुरक्षितता मात्र न घडलेल्या गोष्टींत असते. आधुनिक पोलिस दलाचा पाया १८२९ मध्ये लंडनला घालणाऱ्या रॉबर्ट पील यांच्या नावावर असलेल्या तत्त्वांतही, दलाची कसोटी गुन्ह्यांचा अभाव हीच मानली आहे.

यात पैशाचाही प्रश्न आहे, आणि तो टाळून पोलिसांनाच बोल लावणे अन्यायाचे होईल. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे वीस हजार पोलिस कमी झाले. पुढे भरती झाली, संख्या भरून निघाली, पण निवृत्त झालेल्या जुन्या हवालदाराला वस्तीतल्या प्रत्येक पोराचे नाव ठाऊक होते, ते नव्या शिपायाला कुठून ठाऊक असणार? इंग्लंडमध्ये तरुणांसाठीच्या सेवांवरचा स्थानिक खर्च त्याच दशकात जवळपास सत्तर टक्क्यांनी आटला. संध्याकाळी पोरांना बसायला जागा, टेबल टेनिसचे टेबल, ओळखीचा एखादा दादा, हे सगळे गेले. नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने तर स्वतःच्या मालकीच्या वीज कंपनीत कोट्यवधी पौंड घालवले आणि २९ नोव्हेंबर २०२३ रोजी अंदाजपत्रक जुळत नसल्याचे जाहीर केले. कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च थांबला. तरुणांची केंद्रे अशाच खर्चात येतात. मार्च २०२४ मध्ये निरीक्षणालयाने तिथल्या पोलिस दलालाही विशेष देखरेखीखाली घातले.

पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून मुले या शहरात शिकायला जातात. आईवडिलांची काळजी आम्ही समजू शकतो. पण त्यांनी इंटरनेटवर शहराचा क्रमांक शोधण्यात वेळ घालवू नये. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. लेंटन या विद्यार्थ्यांच्या वस्तीत ज्या घरात खोली घेणार, त्या घराला परिषदेचा भाडेपरवाना आहे का? तिथल्या जुन्या चाळीवजा घरांचे पुढचे दार थेट फुटपाथवर उघडते. त्या दाराला धड कुलूप आहे का, खालच्या खिडकीतून लॅपटॉप दिसतो का? ग्रंथालयातून रात्री परतायला विद्यापीठाची बस किती वाजेपर्यंत आहे? अनामत रक्कम घर न पाहता कुणाच्या खात्यात भरायची नाही. गृहखात्यातून बोलतोय, तुमचा व्हिसा रद्द होईल, असे सांगणारा फोन आला की पैसे न देता तो ठेवून द्यायचा. आणि मुलगा किंवा मुलगी फोनवर गप्प गप्प वाटू लागली, वर्गात जाईनाशी झाली, तर विद्यापीठात कुणाला कळवायचे, ते नाव आणि नंबर विमानात बसण्याआधी लिहून घ्यायचे.

टेलर यांच्या चौकशीकडून आमची अपेक्षा नेमकी आहे. सप्टेंबर २०२२ ते जून २०२३ या काळातल्या प्रत्येक महिन्यात ते वॉरंट कुणाच्या जबाबदारीत होते, त्या व्यक्तीकडे त्या वेळी आणखी किती वॉरंटे होती आणि ती बजावायला किती माणसे होती, हे अहवालात यावे. संपर्कात न येणाऱ्या गंभीर रुग्णाचे नाव यादीतून काढण्याआधी पोलिसांना विचारणे बंधनकारक करावे. एका दलाच्या हद्दीतले पकड वॉरंट दुसऱ्या दलातल्या शिपायाला घटनास्थळीच दिसले पाहिजे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. माणसे लागतात, पैसा लागतो, आणि तो देण्याची तयारी सरकारने अहवाल येण्याची वाट न पाहता दाखवावी.