दयाळू माणसांचे गाव

किशोरांसाठी लिहिल्या जाणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्यांवर, म्हणजे आदर्श म्हणवणाऱ्या समाजाचे भयाण रूप दाखवणाऱ्या कथांवर, एक आक्षेप सातत्याने घेतला जातो : एवढा काळोख कोवळ्या वयाला सोसवेल काय? आमच्या मते काळोख मुलांना नवा नाही. राक्षस, चेटकीण आणि सावत्र आई ह्यांच्या गोष्टींवरच ती वाढतात. ह्या कादंबऱ्यांची पारख करावयाची तर त्यांत दुष्टता कोणाच्या घरी नांदते, हे पाहावे लागेल.

लोइस लोरी ह्यांची 'द गिव्हर' (१९९३) ह्या बाबतीत आजही कसोटीस लावण्याजोगी आहे. तिला १९९४ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले, आणि त्याच दशकात अमेरिकी ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीतही ती होती. तिच्यातील वस्तीत युद्ध नाही, उपासमार नाही, रंगही नाहीत. प्रत्येक कुटुंबाला नेमून दिलेली दोन मुले. बाराव्या वर्षी प्रत्येकाला नेमून दिलेले काम. भूतकाळाच्या साऱ्या स्मृती एकाच वृद्धाकडे साठवलेल्या असतात आणि त्या स्वीकारण्यासाठी जोनास ह्या मुलाची निवड होते.

जोनासचा बाप अर्भकांच्या संगोपनगृहात काम करतो. तो प्रेमळ आहे. एका अशक्त बाळाची वाढ नीट व्हावी म्हणून त्याला रात्री घरी घेऊन येतो. वस्तीत वृद्धांची आणि नको असलेल्या अर्भकांची 'मुक्तता' केली जाते. ह्या शब्दाचा अर्थ जोनासला चित्रफितीवर दिसतो : बाप जुळ्यांतील कमी वजनाच्या बाळाशी लाडे लाडे बोलत त्याच्या कपाळावरील शिरेत सुई टोचतो, आणि निश्चेष्ट देह खोक्यात घालून नळीतून खाली सोडून देतो. त्या माणसाच्या आवाजात क्रौर्याचा लवलेशही नाही. आपण हत्या करतो आहोत हे त्याला उमगतच नाही, कारण मृत्यूची स्मृती त्याच्याकडून काढून घेतलेली आहे आणि हत्येसाठीचा शब्दही. ह्याआधी जोनास आईबापांना 'तुमचे माझ्यावर प्रेम आहे का' असे विचारतो, तेव्हा ती दोघे त्याला नेमका शब्द वापरण्याची सूचना देतात. 'प्रेम' हा शब्द त्यांच्या लेखी निरर्थक झालेला असतो. भाषा झिजली की विवेकबुद्धीही कशी झिजते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी ह्या दोन प्रसंगांहून सोपे पाठ आम्हांस ठाऊक नाहीत.

सुझॅन कॉलिन्स ह्यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) मध्ये प्रथमदर्शनी शत्रू दूर आहे : झगमगती राजधानी आणि तिच्यासाठी एकमेकांचे प्राण घेणारी चोवीस मुले. अशा मांडणीत वाचकाला नायिकेच्या बाजूला उभे राहणे फार सोपे जाते. परंतु त्रयीचा शेवटचा भाग, 'मॉकिंगजे' (२०१०), ही सोय काढून घेतो. ज्या प्रकारच्या बॉम्बने नायिकेची धाकटी बहीण मरते, त्याच्या रचनेत नायिकेच्या जिवलग मित्राचा हात असतो. आणि विजयी बंडखोरांची अध्यक्षा राजधानीच्या मुलांसाठी तोच खेळ पुन्हा भरवू पाहते. कॅटनिसचा अखेरचा बाण ह्या अध्यक्षेवर सुटतो. ह्या कथेवरील चित्रपटांतील तीन बोटांची सलामी थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर आणि म्यानमारमध्ये २०२१ मध्ये तरुण निदर्शकांनी उचलली. काल्पनिक राज्यातील खूण खऱ्या रस्त्यावर आली, ह्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही; तथापि आपल्या बाजूकडेही संशयाने पाहण्याचे जे बळ ही त्रयी देते, ते कोणत्याही खुणेत मावणारे नाही.

अशा कथांनी मुलांचा आईबापांवरील, शिक्षकांवरील विश्वास उडेल, ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जोनासला मिळालेली पहिली स्मृती युद्धाची नसून बर्फावरून घसरगाडीने खाली येण्याच्या आनंदाची आहे. पुढे तो पळतो, तो ज्या बाळाची 'मुक्तता' ठरली आहे त्याला बरोबर घेऊन. त्याच्या अविश्वासाच्या मुळाशी माया आहे. जिथे ही माया नसते आणि केवळ उद्ध्वस्त शहरांची नेपथ्यरचना असते, तिथे आक्षेपकांशी आमचा वाद नाही.

आपल्याकडे गोष्ट संपली की 'तात्पर्य काय?' हे विचारण्याची जुनी सवय आहे. 'द गिव्हर' च्या अखेरीस जोनास आणि बाळ जगतात की गारठून मरतात, हे मूळ कादंबरी स्पष्ट सांगत नाही. लोरींनी पुढील भागांत त्याचे उत्तर दिले असले, तरी वर्गात ही कादंबरी शिकवताना शिक्षकांनी ते उत्तर लगेच पुढे करू नये, असे आम्हांस वाटते. जोनासच्या बापाला दोषी मानावे काय, हा प्रश्न आधी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्यांच्यातील कोणी उलट विचारले, की आपल्या घरात आणि शाळेत असे गुळगुळीत केलेले शब्द कोणते, तर तिथे शिक्षकांनी त्यांना गप्प करू नये.