धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही?

विदर्भातल्या अनेक घरांत गॅसची शेगडी असते आणि अंगणात पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीगही असतो. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की चूल पेटते. या धुराने दमा बळावतो, सीओपीडी होतो, लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. म्हणून कमी धुराच्या इंधनाचे स्वागतच करायला हवे. पण ते नीट समजून घेऊन.

लाकूड किंवा पऱ्हाट्या जवळजवळ हवा नसलेल्या बंद भांड्यात 200 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या, तर त्या जळत नाहीत, भाजल्या जातात. याला टॉरिफिकेशन म्हणतात. ओलावा उडून जातो, धूर करणारे काही वायूही निघून जातात. वजन साधारण 30 टक्के घटते, ऊर्जा मात्र 10 टक्क्यांच्या आसपासच कमी होते. याहून जास्त तापवले की कोळसा तयार होतो. उसाच्या पाचटापासून असा कोळसा करण्याच्या तंत्रासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला 2002 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता.

आता डॉक्टर म्हणून माझे मत. भाजलेले लाकूड ओल्या लाकडापेक्षा चांगले, पण ते निर्धोक नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण खिडकी उघडतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. निखारे लाल दिसतात, धूर अजिबात नसतो, आणि हा वायू खोलीत साचत जातो. नागपूरच्या थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी शेजारी ठेवून झोपणे म्हणूनच जीवघेणे आहे.

या इंधनाची खरी जागा उंच चिमणी आणि राख पकडणारी यंत्रणा असलेल्या ठिकाणी आहे. औष्णिक वीजकेंद्रांनी दगडी कोळशात शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात, असे केंद्र सरकारचे 2021 चे धोरण सांगते. त्यात भाजलेल्या गोळ्यांचाही समावेश आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रे आपल्या उशाशीच आहेत. शेतातल्या पऱ्हाट्या तिकडे गेल्या आणि शेतकऱ्याला त्याचे चार पैसे मिळाले, तर त्यातून घरचा सिलिंडर भरता येईल. स्वयंपाकघरासाठी उपाय गॅसच. ‘सुधारित’ लाकूड हे त्याला लांबणीवर टाकण्याचे निमित्त होऊ नये.

तोवर चूल वापरावीच लागत असेल तर लाकूड पूर्ण वाळवा, चूल उघड्यावर किंवा चिमणीखाली ठेवा, बाळाला कडेवर घेऊन फुंकणी मारू नका. निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत कधीही नको. शेगडीजवळ बसलेल्या एकाहून अधिक जणांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालय गाठा.