सांडपाण्याची वाट आणि पुनर्विकास

पुनर्विकासाच्या प्रस्तावाची छाननी करताना चटई क्षेत्र, वाहनतळ आणि अग्निसुरक्षा यांवर पाने भरतात. नव्या रहिवाशांना पाणी कोठून मिळणार, हेही विचारले जाते. मात्र वापरलेले पाणी जाणार कोठे, याचे उत्तर बहुधा 'महापालिकेच्या वाहिनीत' एवढ्यावरच आटोपते. प्रशासनात वावरताना हे उत्तर मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. त्या वाहिनीच्या पलीकडे काय असते, हे कोलकात्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे शहर सांगेल.

कोलकात्याचा उतार पश्चिमेच्या हुगळीकडे नसून पूर्वेकडे आहे. तिकडील बिद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत घोषित झाली. पुढे स्थानिक मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी उथळ तलावांत घेऊन मत्स्यपालन वाढवले. या तलावांना तेथे 'भेरी' म्हणतात. त्यांत ऊन आणि जिवाणू घाणीचे विघटन करतात, शेवाळ वाढते, त्यावर मासे पोसतात आणि बाहेर पडणारे पाणी भातशेतीला मिळते. पश्चिम बंगाल शासनातील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे मांडले. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या क्षेत्राला २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

याच पाणथळीच्या काही भागात १९६०च्या दशकात हुगळीचा गाळ भरून सॉल्ट लेक वसवण्यात आले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने भराव घालण्यास मज्जाव केला आणि २००६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तरीही अतिक्रमणे थांबलेली नाहीत.

माझ्या मते केवळ मनाईहुकमाने भेरी वाचणार नाही. कालवे गाळाने भरले की सांडपाणी पुरेसे पोहोचत नाही, मासळी घटते आणि मग जमीन विकणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. म्हणून कालव्यांतील गाळ काढण्याचा खर्च मलनिस्सारणाच्या अंदाजपत्रकात हक्काने यावा. कारखान्यांचे रासायनिक पाणी या प्रवाहात मिसळू देऊ नये. आणि सांडपाण्याच्या अंतिम ठिकाणाची क्षमता तपासल्याखेरीज कोणत्याही नव्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

वाढत्या शहराला घरे हवीत, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु जे काम भेरी करतात, तेच काम यंत्रांकडून करून घ्यायचे म्हटले तर वीज, जागा आणि पैसा लागेलच. तो भार अखेर त्याच घरांतील करदात्यांवर पडेल.

दूरदेशी असलेल्या मराठी वाचकांनाही २६ जुलै २००५ आठवत असेल. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आक्रसलेल्या मिठी नदीला तो पेलवला नाही. पाण्याची वाट अडवल्याचा हिशेब मुंबईने एका दिवसात चुकता केला. कोलकात्याजवळ ही वाट अजून जिवंत आहे. सातबाऱ्यासारख्या नोंदींत तिला 'रिकामी जमीन' समजण्याची दृष्टी प्रथम बदलली पाहिजे.