देवघरातील बिनज्योतीचा दिवा

नवरात्रात अंबादेवीच्या अमरावतीत घरोघरी घट बसतात आणि नऊ दिवस अखंड दिवा तेवतो. मात्र घरातील ज्येष्ठांना प्राणवायूचे यंत्र लावलेले असेल, तर उघडी ज्योत रुग्ण व यंत्र यांपासून किमान 10 फूट दूर हवी. प्राणवायू वस्त्रांत, अंथरुणात मुरतो. मग ठिणगीही पुरते. दोन खोल्यांच्या घरात एवढे अंतर आणावे कोठून? अशा घरी मी चार्जिंगचा बिनज्योतीचा दिवा सुचवतो. देवीला तो चालेल का, हे पुरोहितांना विचारावे. माझा अधिकार फुप्फुसांपुरता.

दिवाळीत मिळणारे स्वस्त दिवे बहुधा बटन सेलवर चालतात. ते टाळावेत. नातवंडाने असा सेल गिळला, तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी काढण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. चार्जिंगच्या दिव्यासोबत येणाऱ्या रिमोटमध्येही पुष्कळदा हाच सेल असतो, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे.

संधिवाताच्या बोटांना तळातील बारीक खटका दाबता येत नाही; दुकानातच ज्येष्ठांच्या हाती देऊन पाहावे. अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा दिवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, अंथरुणावर चार्ज करू नये. बॅटरी फुगली की तो वापरातून काढावा.

या मंद उजेडात औषधाच्या गोळ्या मात्र ओळखू नयेत. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतो.